घरी गेल्यावर काय सांगाल?

औषधाच्या दुकानात लोक गोळ्या घ्यायला येतात. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापुरात मात्र गोळ्यांच्या आधी काउंटरवर कागद येतात. बेळगावचा दवाखाना करून आलेली माणसं स्टँडवर उतरतात, घरची बस लागायला वेळ असतो, तेवढ्यात ती दुकानात शिरतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत रिपोर्टांची गड्डी, एक्स-रेचा मोठा लखोटा, आधार कार्डाची झेरॉक्स. चिठ्ठी पुढं करायच्या आधी रिपोर्ट पुढं येतो. "यात काय लिहिलंय बघा की जरा." म्हणजे तपासणी झालेली असते, डॉक्टर भेटलेले असतात, पैसे भरलेले असतात. आपल्याला झालंय काय, तेवढंच कळायचं राहिलेलं असतं.

मी डॉक्टर नाही, निदान करणं हे माझं कामही नाही. पण अनेक वर्षं या काउंटरमागं उभी राहिल्यावर एवढं पक्कं ठाऊक झालंय की आजार समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. वेळ मिळाला तर करायचं जादाचं काम म्हणून त्याकडं बघता येत नाही. अर्धवट समजलेल्या गोष्टीनं माणसाचं किती नुकसान होतं, ते मी रोज बघते.

जांबोटीकडचे एक मामा मुलाबरोबर आले होते. हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधी फिटनेससाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको काढलेला. मुलगा माझ्याशी बोलायला दाराबाहेर थांबला. "साठच टक्के चालतंय बघा ताई त्यांचं हृदय. चाळीस टक्के गेलंय. आम्ही उचलायला काय देत नाही, बांधावरसुद्धा पाठवत नाही." आत मामा बाकावर बसलेले. धडधाकट माणूस, आयुष्यभर भाताची शेती केलेली, पण हात छातीवर ठेवून जपून श्वास घेत होते. रिपोर्ट उघडला तर 'ईएफ ६०%' असा आकडा होता आणि त्याखाली सगळं ठीक असल्याचं वाक्य.

हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला रक्तानं भरतो आणि आवळतो. आवळल्यावर तो कधीच पूर्ण रिकामा होत नाही. साधारण १२० मिलिलिटर रक्त आत येतं, त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर फेकलं जातं, उरलेलं आतच राहतं. फेकल्या गेलेल्या रक्ताचं हे प्रमाण म्हणजे ईएफ. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतं. हा आकडा कुणाचाच शंभर नसतो. म्हणजे मामांचं साठ हे उत्तम हृदयाचं साठ होतं. मी कागदावर एक पिशवी काढून दाखवली, त्यात १२० लिहिलं, बाणाजवळ ७० लिहिलं. मामांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. मग मुलाकडं वळून म्हणाले, "आन तू मला कोंबडी राखायला बसवलास." डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घ्या, असं मी सांगितलं. त्यांनी दुकानातूनच लावला. तिकडून दोन वाक्यांत उत्तर आलं. हीच दोन वाक्यं रिपोर्ट हातात देताना सांगितली असती, तर एका घराचे कित्येक दिवस भीतीत गेले नसते.

आता रिपोर्ट डॉक्टरांच्याही आधी मोबाईलवर येतो. त्यात काही आकडे ठळक छापलेले असतात, शेजारी बाण असतो, आणि नातवाच्या मोबाईलवर तो बाण बघून अख्खं घर हादरतं. बहुतेक तपासण्यांत 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जिच्यात येतात अशी ठरवलेली असते, हे कुणीच सांगत नाही. ठणठणीत माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एखादा आकडा काठाबाहेर जाणं साहजिक आहे. सणासुदीला जाहिरात करून विकली जाणारी फुल बॉडीची पॅकेजं घेतली की असा एक तरी ठळक आकडा पदरात पडतोच. त्याला आजार म्हणायचं की नाही, हे माणसाला समोर बसवून, विचारपूस करून ठरतं. नुसत्या कागदावरून ते कळत नाही.

साखरेचं मात्र उलटं आहे. तिथं लोक भीत नाहीत, आणि मला त्याचीच काळजी वाटते. "थोडी शुगर हाय" हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकते! हे 'थोडी' बऱ्याचदा दवाखान्यातूनच आलेलं असतं, पेशंट घाबरू नये म्हणून चांगल्या मनानं वापरलेलं. पण त्या एका शब्दानं गोळ्या सुटतात. नंदगडकडच्या एक आक्का तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद करायच्या, चहा बिनसाखरेचा घ्यायच्या. उपाशी पोटीची साखर चांगली यायची आणि डॉक्टर खूश व्हायचे. मग एकदा एचबीएवनसी काढायला सांगितली आणि ती निघाली ८.४. आक्का चिडून माझ्याकडं आल्या. लॅबनं चूक केली, असं त्यांचं म्हणणं.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तात जेवढी साखर फिरत असते, तेवढी ती त्यांना चिकटत जाते. मी आक्कांना म्हटलं, गुऱ्हाळात राबलेल्या माणसाच्या अंगाला गूळ चिकटतो ना, तसं. दारात हात धुतले म्हणून हंगामभराचा गूळ कपड्यावरून जात नाही. एचबीएवनसी कालचं जेवण बघत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या वाटेवर, आणि ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. मधुमेह असलेल्या बहुतेकांना ती ७ च्या आत ठेवायला सांगतात. वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर हा आकडा थोडा सैलही करतात. आक्का गप्प झाल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे ह्याला फसवता येत नाही म्हणा की." त्यांना नेमकं तेच कळायला हवं होतं, आणि ते त्यांनी आपल्या शब्दांत माझ्यापेक्षा नेटकं सांगितलं.

बाकी छोट्या गफलती तर रोजच्याच. 'निगेटिव्ह' आलं म्हणून रडणारी माणसं, जेव्हा निगेटिव्ह म्हणजे शोधत होते ते सापडलं नाही. 'क्रॉनिक' ऐकलं की आजार शेवटच्या टप्प्यावर गेला असं वाटणं. खरं तर ते फक्त बराच काळ असलेल्या दुखण्याला म्हणतात, आणि 'अॅक्यूट' म्हणजे अचानक सुरू झालेलं. चिठ्ठीवर 'एसओएस' लिहिलेली गोळी गरज पडली तरच घ्यायची असते, ती दिवसातून तीनदा नेमानं घेणारे लोक आहेत. एवढ्याशा गोष्टी सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

रोप लावणीचा हंगाम आला की मात्र मला खरी धास्ती वाटते. दिवसभर चिखलात वाकून बायकांच्या कमरा, गुडघे धरतात, आणि कामावर जायचं म्हणून सकाळी एक, रात्री एक अशा दुखायच्या गोळ्या खाल्ल्या जातात. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. पण गावातल्या किराणा दुकानात त्या सुट्या मिळतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं चार दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायला हरकत नसते. साखर आणि बीपी असलेल्या बाईनं महिनाभर रोज खाल्ली, तर किडनीकडं जाणारं रक्त कमी होतं आणि किडनी आतून झिजत जाते. दुखत काहीच नाही. मग कधीतरी पाय सुजतात, रक्त तपासलं जातं आणि घरी निरोप येतो, "क्रिएटिनिन वाढलंय." हे क्रिएटिनिन कुठलं विष बाहेरून आलेलं नसतं. स्नायूंच्या रोजच्या कामात तयार होणारा तो कचरा आहे, किडनी तो गाळून लघवीवाटे टाकते. गाळणं कमी झालं की तो रक्तात साठतो. वाईट भाग असा की हा आकडा उशिरा बोलतो. किडनीचं निम्मं काम गेलं तरी तो कधीकधी काठावरच दिसतो. म्हणून साखर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीनही तपासून घ्यावं, ते आधी कळतं. हे सगळं मी लावणीच्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. मागं रांग लागते, लागू दे.

आमच्याकडं समजावून सांगण्यात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. सीमाभागात भाषेचं नाव काढलं की आवाज चढतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं दुखणं आहे ते. मला इथं त्या वादात शिरायचं नाही. दवाखान्याच्या खाटेवरचं माणूस मराठी बोलतं, फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो, शिकाऊ डॉक्टर लांबच्या जिल्ह्यातून आलेला असतो. तिकडं मिरजेला जा. अथणी, कागवाडहून आलेली कन्नड माणसं तशीच बावरून मराठीतले कागद उलटेपालटे धरून बसलेली दिसतील. आजारी माणसाची अडचण दोन्हीकडं तीच आहे.

माझ्या सासूबाईंच्या पित्ताशयात खडे झाले. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. सासूबाई मराठी शाळेत शिकलेल्या, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचणाऱ्या. ऑपरेशनच्या सकाळी एक कर्मचारी फॉर्म घेऊन आला, बोटानं दोन जागा दाखवल्या, "इथं आणि इथं." मी म्हटलं, यात काय आहे ते आईंना सांगा. तो म्हणाला, सगळ्यांचा हाच असतो. सासूबाईंनी सही केली. ठसठशीत, वळणदार, पूर्ण नावाची सही, न वाचता आलेल्या कागदावर. ऑपरेशनला वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा पोटावर चार छोट्या भोकांऐवजी हातभर पट्टी. दीर खवळले, "चार भोकं म्हणाले होते, पोट फाडलं." भांडण होता होता राहिलं.

सर्जननी नंतर नीट सांगितलं. आत सूज होती, सगळं एकमेकांना चिकटलं होतं. दुर्बिणीनं पुढं गेलं असतं तर पित्ताची नळी कापली जायचा धोका होता, म्हणून त्यांनी उघडून ऑपरेशन केलं. तो निर्णय बरोबरच होता, माझ्या मते त्यांनी आईंना वाचवलं. असं होऊ शकतं, हे त्या फॉर्मातही लिहिलेलं होतं. फक्त ज्या बाईच्या पोटावर ते होणार होतं, तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलंय की संमती घेताना उपचार काय, कशासाठी, धोके कुठले, दुसरा पर्याय आहे का, आणि नकार दिला तर काय होईल, हे पेशंटला पुरेसं सांगितलंच पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये आरोग्य मंत्रालयानं पुढं आणली. तीत पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. सही मागायला कुणी आलं की "आमच्या भाषेत सांगा, मग करतो" असं म्हणायला संकोच करू नका. त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि भाषा आली नाही म्हणून समजावता येत नाही, असंही नाही. मी बघितलेलं सर्वात चांगलं समजावणं एका कन्नड नर्सचं होतं. बेळगावच्या एका वॉर्डात ती एका मराठी म्हातारीला इन्सुलिन शिकवत होती. दोघींत मिळून दहाबारा शब्द समान असतील. नर्सनं आधी स्वतःच्या पोटाची चिमूट धरली, मग आजीचा हात धरून आजीच्या पोटाची धरली. इन्सुलिनच्या पेनची सुई टोचल्यावर बोटांवर दहापर्यंत मोजलं, तोवर काढायची नाही. उद्या इथं, परवा तिथं, असं लिहायच्या पेननं पोटावर ठिपके काढून दाखवले. फ्रीज आहे का, हे हातानं दार उघडून विचारलं. आजीनं नाही म्हणून मान हलवली. मग नर्सनं कोपऱ्यातल्या माठाकडं बोट दाखवलं, म्हणजे इन्सुलिन तिथं गारव्याला ठेवायचं. सगळं झाल्यावर ती बाजूला झाली आणि पेन आजीच्या हातात दिलं. आता तू कर. आजीनं पहिल्यांदा सातलाच सुई काढली. नर्सनं पुन्हा करायला लावलं.

ते बघितल्यापासून मी "समजलं का?" हा प्रश्न सोडून दिलाय. त्याचं उत्तर 'होय'च येतं. शिकलेल्या माणसाकडून येतं, न शिकलेल्याकडून येतं, लाजेनं येतं, घाईनं येतं. आता मी विचारते, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" मग खरं कळतं. परवा एका पोटुशी मुलीला लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी होतं. चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे, शौचाला काळं होईल, घाबरू नको, ते लोहामुळं होतं, असं सांगितलं. सासूला काय सांगशील म्हटल्यावर ती म्हणाली, "काळं झालं तर बंद करायचं." पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. तशीच गेली असती तर चार दिवसांत गोळ्या उकिरड्यावर पडल्या असत्या, आणि बाळंतपणात "रक्त का वाढलं नाही" म्हणून तिलाच बोलणी खावी लागली असती.

सोपं करून सांगणं आणि लपवणं यांतली रेघ मात्र मला अजून पुसट वाटते. कॅन्सरच्या पेशंटांची मुलं येतात, चिठ्ठी देतात आणि खुणेनं सांगतात, आईसमोर काही बोलू नका, तिला गाठ म्हणूनच सांगितलंय. मायेपोटी करतात, मला त्यांचा राग येत नाही. पण स्तनाच्या कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन ही गोळी बऱ्याच जणींना पाच-पाच वर्षं रोज घ्यावी लागते. कशासाठी ते माहीत नसलेली बाई पाच वर्षं गोळी घेईल कशी? अशा एक मावशी एकदा एकट्याच आल्या. रिकामी पट्टी पुढं ठेवून विचारलं, "ही कशाची गोळी?" मी म्हटलं, तुम्हाला जेवढं जाणून घ्यायचंय तेवढं डॉक्टरांना विचारा मावशी, एकट्या जाऊन विचारा, ते सांगतील. त्या हसल्या. "मला कवाच कळलंय. पोरास्नी वाईट वाटंल म्हणून गप्प बसलोय." मग शांतपणे दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून घेतल्या.

शेवटी एक गोष्ट, जी मी काउंटरवर कागद चिकटवून, कन्नड आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय. लकवा झाला की आमच्याकडं 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात आणि मग चोळणारा शोधतात, कुणी कबुतराचं रक्त आणतं, कुणी सकाळची वाट बघतं. हा वाऱ्याचा झटका नसतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते किंवा वाहिनी फुटलेली असते. अचानक तोंड वाकडं झालं, उचललेला हात खाली पडला, बोलणं जड झालं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा. आमच्या भागातून म्हणजे बहुतेक वेळा बेळगाव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि त्याआधी स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. कणकुंबीच्या माणसाचा त्यातला बराच वेळ पावसात, चोर्ल्याच्या रस्त्यावरच जातो, म्हणून घरात दहा मिनिटंही घालवू नयेत. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनानं देऊ नका, रक्तस्राव असेल तर तो वाढेल. आणि माणूस शेवटचा धड कधी बघितला होता, ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर रात्री झोपला ती वेळ लिहा. दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतात.